उमाक्कांची अर्धी बाग

मी, उषाबाई तातेराव शेजूळ, वय सत्तर, मूळ गाव हसनाबाद, हल्ली मुक्काम मस्तगड, जालना, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवते. 'स्मरणशक्ती शाबूत' हे शब्द वकिलांनी घालायला सांगितले, डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे. ज्या घरात माझे पती सहा वर्षं रोज थोडं थोडं विसरत गेले, त्या घरात बसून हे शब्द लिहायला नको वाटत होतं. पण लिहिले.

कलम १. मस्तगडचं राहतं घर मुलगा केदार यास. अट एकच, पुढचा ओटा फोडून दुकानाचा गाळा काढू नये. संध्याकाळी हे ओट्यावर बसत आणि बसल्या बसल्या दुसऱ्याच सालात जात. समोरच्या दुकानांचे दिवे लागले की यांना हसनाबादची जत्रा भरल्यासारखी वाटे. मला विचारत, "तुम्ही कोणाकडच्या?" मी म्हणे, "शेजुळांकडची." यावर खूश होत. "मंग आपल्याच की! बसा." आणि सरकून जागा देत. चारचौघांत शेजारी जागा द्यायला यांना लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षं लागली. मला त्या संध्याकाळी फार आवडत, हे लाज सोडून लिहिते.

कलम २. यांचा कलमं करायचा चाकू आणि माझी पोस्टातली ठेव नात स्वरा हिला. यांना तिचं नाव आठवेना, माझंही आठवेना, पण जंबेरी लिंबाच्या रोपावर मोसंबीचा डोळा बसवताना हात शेवटपर्यंत चुकला नाही. स्वरा शेजारी बसून बघायची, म्हणून तो तिचा. सुनेने त्याने कांदे चिरू नयेत.

कलम ३. ही मालमत्ता नव्हे, राग आहे. तोही वाटून मोकळी होते. एका डिसेंबरात बाग ताणावर होती, म्हणजे बहार एकदम फुटावा म्हणून झाडांचं पाणी तोडलं होतं. केदारने यांना बागेत नेलं होतं, तर हे गुपचूप जाऊन मोटर चालू करून आले. केदार डोक्याला हात लावून ओरडला, "अण्णा, अख्खं साल घालवलं तुम्ही!" हे म्हणाले, "झाडं पाणी मागून राह्यली होती रे." केदारने स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं, ते ठीक. पण बापाला बागेत न्यायचंच बंद केलं, ते मला लागलं.

केदारला माहीत नाही, तीन आठवड्यांनी मी यांना गाडी करून बागेत घेऊन गेले होते. दहा-बारा झाडं अवेळी फुलली होती. आम्ही खाली बसलो. वासाने अंगाला गुंगी आली होती. हे हळूच म्हणाले, "बाई, मी मेलो का हो?" मी म्हटलं, "न्हाई, बहार आलाय." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. केदार, तुझं एक साल गेलं खरं, पण मला ती दुपार मिळाली. राग सोडला.

कलम ४. हसनाबादची चार एकर बाग. आजार कळल्यावर, समज होती तोवरच, यांनी ती बक्षीसपत्राने माझ्या नावे केली. तिच्यातली अर्धी आमची नव्हतीच. १९९१ साली सासरे गेले आणि रिवाजाप्रमाणे थोरल्या नणंदेला, वडीगोद्रीच्या उमाक्कांना, हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. पुरणपोळी झाली, साडीचोळी झाली. साडी मी निवडली होती, आणि हलकी निवडली होती. आक्कांनी कागद वाचलाच नाही. म्हणाल्या, "माहेर राहू द्या, म्हंजे झालं." पुढे त्या रानात मोसंबी लावली. एकदा आक्कांनी पिशवीभर तोडली, तर मी म्हणाले, "विचारून घेत जा." त्यानंतर बावीस वर्षं त्या आल्या नाहीत. ते वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी मारू नये.

आजारात यांचं सगळं गळालं, एवढंच राहिलं. मोसंबी कापली की अर्धी बाजूला ठेवत, "आक्काची." खिडकीत अर्ध्या अर्ध्या फोडी वाळत पडत. डोक्यावर पदर घेतलेली कोणीही बाई यांना आक्का वाटे. तिचा हात धरून म्हणत, "तुझा वाटा घेऊन जा." शेवटी मीच नाक मुठीत धरून आक्कांना फोन केला. त्या आल्या, समोर बसल्या, आणि यांनी त्यांनाच ओळखलं नाही. हात जोडून विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या आक्काला कुठं पाह्यलं का?"

आक्का म्हणाल्या, "पाह्यलं की. येऊन राह्यली ती. उन्हाचं चालणं, जरा येळ लागंल."

"मंग तिला सांगा, बाग तिची बी हाये."

"बराबर सांगते."

मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मागितलं मात्र काही नाही. दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हाही नाही.

वकील म्हणतात, विसरलेल्या माणसाचं देणं कायद्यात टिकत नाही. नसेल टिकत. यांची बुद्धी स्थिर नव्हती, माझी आहे. सबब पूर्वेकडची दोन एकर, विहिरीच्या निम्म्या पाण्यासह, माझ्या पश्चात उमाक्कांना. उरलेली दोन एकर केदारला. केदार नाराज आहे. त्याने खुशाल नाराज राहावं.

खुलासा. हा कागद वाचून दाखवताना यांचे मित्र साहेबराव मध्येच थांबले. म्हणाले, "वहिनी, आक्का अठ्ठ्याहत्तरच्या. तुम्ही सत्तरच्या. तुमच्या मरणाची वाट त्यांनी बघावी का?" देते देते म्हणताना मी अजून मूठ उघडलीच नव्हती.

म्हणून कलम ४ मधला उमाक्कांचा भाग मी माझ्या हाताने खोडत आहे. ती दोन एकर माझ्या मरणानंतर नव्हे, उद्या सोमवारी बक्षीसपत्राने त्यांच्या नावे होतील. आत्ताच फोन केला. आक्का यांना तात्या म्हणतात; त्यांनी विचारलं, "तात्या तसं सांगून गेल्ता, म्हणून का?"

मी म्हटलं, "न्हाई आक्का. मी देते."

त्या म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं येते. जेवायला थांबंल."

येथवर मी स्वतः लिहिलं, खोडलं तेही मीच, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही केली.

सही : उषाबाई तातेराव शेजूळ

साक्षीदार :
१. साहेबराव म्हस्के, निवृत्त शिक्षक, हसनाबाद
२. राधेश्याम, शेजारी व दुकानदार, मस्तगड

ठिकाण : जालना
दिनांक : १४ डिसेंबर २०२५