ओठ हलले म्हणून

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला काही सांगता आलं नाही. बाबांनी फोन हातात दिला आणि तुला नेहमीसारखा माझा नुसता श्वास ऐकू आला. म्हणून लिहितेय. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

परीक्षा झाली नाही. म्हणजे सुरू झाली आणि माझ्यामुळे बंद पडली. बाहेरून दहावी देणाऱ्यांना आता कागद नसतो. एका लांबट खोलीत लाकडी कप्पे केलेत, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि त्याच्या डोक्यावर कॅमेरा. आपण प्रश्न वाचायचा आणि कॅमेरा आपल्याला बघणार. आधी मला बरंच वाटलं होतं, कुणी उभं करून विचारणार नाही म्हणून.

पहिलं गणित वाचत होते तर स्क्रीनवर पिवळी पट्टी आली, ओठ हलवू नका. मी कधी हलवले तेच कळेना. ओठ मिटून वाचलं तर प्रश्नच समजेना. घाबरून मांडीवरच्या हातांकडे बघितलं, तर पुन्हा पट्टी, नजर समोर ठेवा. तिसरी पट्टी लाल होती. मग स्क्रीन पांढरी झाली आणि दारातला शिपाई आत येऊन म्हणाला की उठा, तुमचं झालं.

बाहेरच्या टेबलावर सांगितलं की संशयास्पद हालचाल झालीये. अजून एक संधी आहे. तीही अशीच गेली तर कॉपी करणारी म्हणून नोंद होणार आणि तीन वर्षं बसता येणार नाही. आत्या, मी कुणाला उत्तर विचारणार होते? मला तर ओळखीच्या माणसांशी बोलता येत नाही.

बाबांना मशीन बिघडलं एवढंच सांगितलंय. शिवणाच्या वर्कशॉपमध्ये शाळांच्या गणवेशांची घाई आहे, दिवसभर काज-बटण करते. मास्टर म्हणालेत की दहावी झालीस की कटिंगच्या कोर्सला तुझं नाव मी घालतो, पास नसलेल्यांना तिथे दारात उभं करत नाहीत. पेपर कसा गेला विचारत होते. मी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली ते त्यांनी आपल्या सोयीने घेतलं.

आमच्यावर लोभ असू दे, आणि बाबांना कळू देऊ नकोस.

तुझी,
पुटपुटी


११ मार्च

चि. पुटपुटीस,
अ. आ.

तुझं हे नाव मीच ठेवलं होतं. भिंतीला टेकून चित्रांच्या पुस्तकाशी कुजबुजत बसायचीस, तेव्हा कौतुक वाटायचं. त्याच पुटपुटण्यावरून तुला चोर ठरवतील असं कुणाला वाटलं होतं?

रडत बसू नकोस. रोज संध्याकाळी आरशासमोर बस, दातांत पेन्सिल आडवी धर आणि मनात वाच. ओठ हलले की पेन्सिल सांगेल. दिसशील विचित्र, पण आरशाला सवय आहे, तुझे बाबा रोज दाढी करतात त्याच्यासमोर.

इथे माझ्या वर्गात फळ्याच्या जागी पडदा लागलाय. कुठली तरी बाई त्यावरून शिकवते. छान शिकवते, फक्त कुणाचं नाक वाहतंय ते तिला दिसत नाही. मी पडदा चालू करते, बंद करते आणि मधल्या वेळात नाकं पुसते. साहेब येऊन म्हणाले की बाई, आता तुम्हाला आरामच आहे. या शब्दाची मला एवढी धास्ती कधी वाटली नव्हती. आम्हा जुन्या शिक्षकांनाही म्हणे पात्रतेची परीक्षा द्यायचीय, तुझ्यासारखीच कप्प्यात बसून. पण ते राहू दे.

जेवत जा. पत्र लिहीत जा.

तुझी,
आत्या


२३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पेन्सिल पार चावून झाली. बाबांनी हे काय चाललंय विचारलं तर आईने दातांचा व्यायाम म्हणून सांगून टाकलं. आता तेही मधूनमधून माझ्या दातांकडे बघतात.

ओठ हलत नाहीत हे खरं. पण वाचलेलं आत जातच नाही. टाकीचं गणित कितीदा तरी वाचलं, टाकीत पाणी येतंय की जातंय तेसुद्धा कळलं नाही. पेन्सिल काढून पुटपुटले, लगेच सुटलं. म्हणजे माझं डोकं ओठांत आहे की काय.

सेंटरच्या टेबलावरच्या बाईंनी दुसरा रस्ता सांगितलाय. मशीन नको असेल तर शेवटची संधी तोंडी घेता येते. तीन परीक्षक समोर बसतात, उत्तरं बोलून द्यायची.

मी शाळा का सोडली ते तुला माहीत नाही. बाबा घरची अडचण सांगतात, मीही तेच सांगते. नववीत सरांनी धडा वाचायला उभं केलं आणि माझा आवाजच आला नाही. सर म्हणाले की येईपर्यंत उभी राहा. घंटा झाली, दुसरे सर आले, मी उभीच. मुलं आधी हसत होती, मग तीही विसरली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. मग रोज तिथूनच परत फिरत राहिले.

आता एकीकडे ओठ हलले तर चोर, दुसरीकडे नाही हलले तर ढ. तू सांगशील ते करते. आणि तुझी परीक्षा कधी आहे? तू ‘ते राहू दे’ लिहिलंस की मला ते राहू देता येत नाही.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
पुटपुटी


३० मार्च

चि. पुटपुटीस,
अ. आ.

अक्षराकडे बघू नकोस, बसथांब्यावर बसून लिहितेय. माझी परीक्षा झाली. तुझ्यासारखीच झाली.

ओठ नाही हलले माझे. मी दाराकडे बघत होते. मला पत्ताही नव्हता. इतकी वर्षं वर्गात बसून डोळे आपोआप दाराकडे जातात, उशिरा कोण आलं, बाहेर कोण रडतंय. मशीनला वाटलं, बाहेरून कुणी मला खुणा करतंय. मलाही एकच संधी उरलीये. ती गेली तर पडदा चालू करायलाही मी नको.

पेन्सिल टाकून दे. काय निवड ते सांगायला माझ्याकडे तोंड नाही. एवढंच सांगते, त्या पांढऱ्या स्क्रीनला मी विचारत बसले होते की बाई, माझं काय चुकलं. माणूस कसाही असला तरी त्याला काही विचारता तरी येतं.

बस आली.

आत्या


१६ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तोंडी देऊन आले.

आदल्या दिवशी बाबांना सांगून टाकलं. म्हणजे तुझी दोन्ही पत्रं त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. सकाळी माझ्याआधी चपला घालून दारात उभे होते.

खोली छोटी होती. मधे एक वयस्कर बाई, एका बाजूला सर्दी झालेले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला नुसतं लिहून घेणारे. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं. आवाज नव्हता. बाई म्हणाल्या की सावकाश. मग म्हणाल्या की वेळ जातोय हं. मी बसलेली असून मला वाटायला लागलं की मी उभी आहे, आणि आता घंटा होणार आणि ही माणसं जाऊन दुसरी येणार.

तेव्हा तुझं बसथांब्यावरचं पत्र आठवलं, माणसाला विचारता तरी येतं. मी विचारलं की भिंतीकडे तोंड करून बसू का. आत्या, हे मी विचारलं, आवाजाने.

सर्दीवाले म्हणाले की असा नियम नाही. लिहिणारे म्हणाले की नको असाही नियम नाही. बाईंनी दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या की तोंड कुठेही करा, उत्तर ऐकू आलं म्हणजे झालं.

मी कागद घेऊन खुर्ची फिरवली. भिंतीवर, छताजवळच्या कोपऱ्यात, तोच कॅमेरा होता. लाल ठिपका लागलेला. पाठीमागे ती तिघं आणि समोर हा, आता खुर्ची फिरवायला बाजूच उरली नव्हती.

मग मी त्याच्याकडेच बघितलं आणि प्रश्न मोठ्याने वाचला. सगळा, ओठ हलवून. टाकीचंच गणित होतं, पाणी येतही होतं आणि जातही होतं. भरली मी ती टाकी. पुढचे प्रश्नही तसेच वाचले, तशीच उत्तरं दिली. एकदा सर्दीवाले शिंकले आणि मी थांबले, तर ते म्हणाले की माझ्याकडे लक्ष देऊ नका. मागे पेन चाललेलं ऐकू येत होतं. एक-दोन प्रश्न आलेच नाहीत, ते येत नाहीत म्हणून सांगितलं.

शेवटी बाई म्हणाल्या की रेकॉर्डिंग वर जाईल. पाठ फिरवून दिलेली उत्तरं धरायची की नाही ते वरचे लोक ठरवतील, त्यांच्यासमोर असं कधी आलेलं नाही. निकाल महिनाअखेर. पास, नाहीतर तीन वर्षं. मी अजून दिवसभर बटणं लावते आणि मधेच तो लाल ठिपका डोळ्यांसमोर येतो. मास्टरांनी विचारलं तेव्हा मात्र मान हलवली नाही, माहीत नाही असं तोंडाने सांगितलं.

तुझी संधी असेल त्या दिवशी मी येणार आहे. आत येऊ देणार नाहीत, पण दाराबाहेर बसेन. तू दाराकडे बघू नकोस. उशिरा कोण आलं ते मी बघते.

आतापर्यंत मला धरून ठेवलंस तसंच पुढेही धरून ठेव.

तुझी,
पुटपुटी

ता. क. निकालाचं पत्रात लिहिणार नाही, फोन करीन. उचलल्यावर लगेच काही ऐकू आलं नाही तर ठेवू नकोस. मी असेन.