मशीनला लावलेलं कुंकू

ब्रेडा, नेदरलँड्स, दसऱ्यानंतरचा मंगळवार

मेलं मशीन आजही हललं नाही. सून वृंदा त्यावर दुकानांसाठी कोरोनाचे प्लास्टिकचे आडोसे कापते, आणि माल परवा द्यायचाय. कापणारं पातं टोकाला गेलं की थांबवणारं बटण, लिमिट स्विच, म्हणे सुरुवातीलाच थांबवतंय. तिने वायर बदलून पाहिली. मेकॅनिक या दिवसांत घरात यायला तयार नाही.

दसऱ्याला मशीनची पूजा मी केली. ओलं कुंकू त्या बटणालाही लावलं. मशीनवरचं तिने पुसलं, पण बटणाच्या आत गेलेलं वाळून बसलं असणार, ते तिला ठाऊकच नाही. मला कुठे काढता येतंय?

"कोणी हात लावला होता?" वृंदा कडाडली.

"मीच. झाडताना धक्का लागला असेल," माझा महेश तिला म्हणाला. आईला वाचवतोय, शहाणा! कुंकवाचं तेव्हाच का नाही सांगितलं मी?

सकाळी तिला कुंकवाचं खरं उत्तर मी देणार. महेशने तोंड उघडायचं नाही.