फिलोमेनाचं माप

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
१४ ऑक्टोबर २०१२

चि. ऑर्नेला हिस,

अ. उ. आ., आणि त्याखाली थोडा राग.

बफेलोत थंडी पडली असेल. इकडे मात्र तुझा आजोबा तापलाय. महापौरांच्या आरोग्य मंडळाने नियम काढलाय : मार्चपासून खानावळीत सोळा औंसांहून मोठ्या भांड्यात गोड पेय द्यायचं नाही. म्हणजे आपला काचेचा जग बंद! रविवारी प्रार्थना आटोपून आठ माणसं टेबलाला बसतात, घरातलं सगळ्यात वडील माणूस जग उचलतं आणि सगळ्यात धाकट्यापासून ओतत येतं. या जगाखालचं ओलं टेबल मी हजारदा पुसलं असेल, पण ओतण्याचा हा क्रम कधी मोडला नाही. आता म्हणे प्रत्येकाने आपापला पेला घ्यावा, जसे काही सगळे एकमेकांना परके! आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बादलीएवढा पेला विकला तर चालतो, कारण दुकान या नियमात बसत नाही.

आम्ही खानावळवाले कोर्टात गेलोय. मीही शपथपत्र दिलं. त्यात ठणकावून लिहिलं, की आमच्या लिंबू सोड्याच्या पाकात १९६१पासून चिमटीचाही फरक नाही. सही करताना शाळेतली लिंबाच्या झाडाची कविता आठवली. शेवटच्या कडव्यापाशी नेहमीसारखा अडलो. तुझी नोन्ना, माझी फिलोमेना, असती तर तिने ते स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं असतं.

म्हाताऱ्यावर लोभ असू दे, मत विरुद्ध असलं तरी.

तुझा नोन्नो,
गाउदेन्झिओ


बफेलो
२ नोव्हेंबर २०१२

ती. नोन्नो यांस,

शि. सा. न.

मत विरुद्धच आहे. मी रोज दवाखान्यात मधुमेही रुग्णांचे पाय धुते, पट्ट्या बांधते. नोन्नाचा पाय कापला तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसून होतात, हे मी विसरलेले नाही. पेला लहान झाल्याने दहाजणांचे पाय वाचणार असतील, तर तुमचा जग फळीवर गेलेला मला चालेल. आता चिडा.

पण दुसरं एक सांगायचंय. तुमचं शपथपत्र खोटं आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून पाप नाही, पण खोटं आहे. मी नऊ वर्षांची असताना नोन्नाला साखरेचं दुखणं निघालं. त्याच आठवड्यात तिने पत्रा कापायची कात्री घेतली आणि साखरेच्या डब्यातलं टिनाचं माप काठापासून अर्धं कापलं. कानशीने कडा घासल्या. मी दारात उभी होते. तिने मला दोन बिस्किटं दिली आणि म्हणाली, की त्याला सांगितलंस तर तो कविता म्हणत रडेल. तेव्हापासून तुम्ही त्याच मापाने पाक करताय, आजतागायत. अठरा वर्षं निम्मी साखर, आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

काय करायचं ते तुम्ही ठरवा. माया आहे तेवढीच आहे.

तुमची,
ऑर्नेला


ब्रॉन्क्स
१९ नोव्हेंबर २०१२

चि. ऑर्नेला हिस,

आशीर्वाद, आज जरा ओलसर.

पत्र वाचलं आणि डब्यातून माप काढून उजेडात धरलं. काठावर कानशीच्या रेघा आहेत. अठरा वर्षं अंगठा त्यांच्यावरून फिरत होता, या गाढवाला कळलं नाही. आधी संताप आला. मग तिथेच पिठाच्या पोत्यावर बसून हसलो. तुझी नोन्ना म्हणाली होती तसं रडलोही, पण कविता म्हटली नाही.

वकीलबाईंना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, आजोबा, गप्प बसा, कोण मोजायला येतंय? वर असंही म्हणाल्या, की हे कळलं तर महापौरांचे वकील म्हणतील, बघा, साखर कमी करता येते! मी म्हटलं, येतेच, माझ्या बायकोने केली. तरी त्या ऐकेनात. शेवटी सांगितलं, की दुरुस्ती लिहीत नसाल तर माझं नाव दाव्यातून काढा. ज्या शपथेवर मी महापौरांना जाब विचारतोय, ती मीच कशी मोडू?

लिहिली त्यांनी. मी सांगितलं तशीच : माझ्या बायकोने साखर निम्मी केली. तिने मंडळाची परवानगी घेतली नाही, माझीही घेतली नाही. पण जगाला तिने हात लावला नाही, कारण दोष साखरेत होता, एका टेबलाला बसण्यात नव्हता.

आता हरलो तरी चालेल. नाही, चालणार नाही! पण झोप लागेल.

तुझा हट्टी
नोन्नो


ब्रॉन्क्स
१२ मार्च २०१३

चि. ऑर्नेला हिस,

भरभरून आशीर्वाद, काठोकाठ.

नियम आज लागू व्हायचा होता. काल न्यायाधीशांनी तो अडवला. मंडळाला एवढा अधिकारच नाही म्हणाले. फिलोमेनाने माप कापल्याच्या गोष्टीचा निकालात उल्लेख नाही, शोधून पाहिला. महापौर वरच्या कोर्टात जाणार आहेत. जाऊ देत, मीही शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.

नवं माप घ्यायला पुतण्या निघाला होता, पूर्वीसारखा गोड सोडा करून विजय साजरा करू म्हणाला. त्याला दारातूनच परत आणला. माप तेच राहील आणि जगही तोच राहील. फक्त दारावरच्या फळ्यावर ‘लिंबू सोडा’च्या खाली मी खडूने एक ओळ वाढवलीय : ‘फिलोमेनाच्या मापाने’. गिऱ्हाइकं विचारतात, म्हणजे काय? मी म्हणतो, आधी प्या.

ईस्टरला ये. त्या पायांच्या पट्ट्यांना दोन दिवस सुट्टी दे आणि आठव्या खुर्चीवर बस. भांडायचं असेल तर भांड, मी तयार आहे. मात्र टेबलाला सगळ्यात धाकटी तूच असशील, म्हणून पहिला पेला तुझा. तो किती भरायचा ते महापौर नाही, मी नाही, तू सांगायचंस.

वाट पाहणारा,
नोन्नो