पाण्याचा वास घेणारा माणूस

प्रिय ताई,

फोनवर बोलायची छाती होत नाही, म्हणून लिहितोय. दाजींना मारहाण झाली ती चित्रफीत आमच्याच वाहिनीने दिवसभर दाखवली, खाली मी लिहितो त्या मालिकेचं संगीत लावून. लोक दाजींच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेचं दार तोडून शिरले, नमुन्यांच्या बाटल्या त्यांच्याच डोक्यावर फोडल्या, जबड्यावर लाथा घातल्या आणि तोंड नाल्यात दाबून धरलं. डावा डोळा काचेने तिथेच गेला असणार. एक बाई चपलेने मारत होती. तिची मुलगी वस्तीतल्या त्याच दूषित पाण्याने दगावली, तिच्यावर मला धड रागावताही येत नाही.

तू म्हणालीस, लोकांचं डोकं फिरलं होतं. ताई, ते मी फिरवलं. मालिकेत आधी खलनायक नाल्यात विष सोडणारा कारखानदार होता. जाहिरातदार बिथरले. मग नुसती घाण, फेस, मेलेले मासे दाखवून बघितले, तर बैठकीत सगळ्यांचं एकच टुमणं: फेसाच्या कानफटात कशी मारणार? प्रेक्षकांना शिव्या घालायला माणूस लागतो. म्हणून मी खोटे अहवाल देणारा पाणी-तपासनीस आणला आणि वस्तीकडून त्याला नाल्यात बुडवून मारवलं. त्या आठवड्यात आम्ही पहिल्या नंबरवर होतो, आणि मी शेफारलो होतो.

दाजींनी तर खरे अहवाल तीनदा पाठवले, वरच्यांनी ते दाबले. हे तुला-मला ठाऊक. वस्तीला फक्त मालिका ठाऊक.

लोकांनी नेमकं दाजींनाच धरलं, हा तुला योगायोग वाटतो. तपासनीस कसा असतो हे मला कुठे माहीत होतं? तुझ्या घरी बसून बघितलं: दाजी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून आधी डोळे मिटून वास घेतात, मग चष्मा कपाळावर सरकवतात. तू त्यावरून त्यांना चिडवायचीस. नटाला मी ते जसंच्या तसं शिकवलं. वर दाजींचा जुना निळा कोटही मागून नेला. त्यांनी इस्त्री करून दिला, कुणासाठी ते विचारलंही नाही. लोकांनी त्यांना त्या लकबींवरून आणि अंगातल्या तसल्याच निळ्या कोटावरूनच ओळखलं.

उद्या पोलिसांत हे सगळं लिहून देतोय. नोकरी गेली तर जाऊ दे. मला दारात उभं केलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण जबडा बांधलेले दाजी कागदावर पुन्हा पुन्हा एकच लिहून विचारतात, असं तू काल सांगितलंस: माझं काय चुकलं? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. हे पत्र त्यांच्या हातात दे.

तुझाच,
धाकटा