एकशे नव्वद ग्रॅमचा बूट आणि माझी विहीण

चि. प्रेमानंद यास,

ताईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद (आशीर्वाद सध्या अर्धाच, उरलेल्याचं पत्र संपल्यावर पाहू). तुझं पित्त कसं आहे? पुण्याच्या गोड भाज्यांनी ते वाढते, हे मी आधीच सांगितलं होतं. इकडे आम्ही सर्व खुशाल, माझ्या पायाचे दोन अंगठे सोडून. (तीस वर्षं शाळेत पोरींच्या वह्यांतलं 'मले-तुले' लाल शाईनं खोडलं, पण राग आला की माझ्या हातून तेच उतरते. आज खोडणार नाही.)

तुझ्या कंपनीनं शर्यतीत पळायचा नवा हलका बूट काढला, आणि बाजारात जायच्या आधी तो 'खऱ्या माणसांच्या पायात' तपासायचा म्हणून तू मले एक जोडी अन् चोवीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला. मी खरं माणूस आहो, हे तुले माझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी समजलं! फॉर्म कोरा परत पाठवून राहिली. उत्तरं या पत्रातून वेचून घे, अन् तुझ्या साहेबांले मोठ्यानं वाचून दाखव.

मी काहून पळते, हे तुले माहीत आहे. तब्येतीसाठी, हे तुझ्या भाऊजीले सांगायचं कारण. खरं कारण यमुताई, आपल्या मयुराची आई, माझी विहीण. दोन वर्षांपासून दहा किलोमीटरच्या शर्यतीत, पंचावन्नच्या वरच्या बायांमध्ये, ती पहिली आणि मी दुसरी. एकदा अकरा सेकंदांनी, एकदा चार. दोन्ही मेडल तिनं बैठकीत रोशन-मयुराच्या लग्नाच्या फोटोले लटकवले, म्हणजे माझ्याच पोराच्या गळ्यात तिची मेडलं! भाचा अन् भाचेसून म्हणून तू फोटो पाह्यला असशीन, मी तर तिच्या घरी गेली की मेडलंच पाहते. यंदा मले तिले हरवायचं होतं. बाकी काही नको होतं.

आता तुझा बूट. डब्यावर एकशे नव्वद ग्रॅम लिहिलं होतं. छापील गोष्टीवर माझा विश्वास नाही, म्हणून भाजीवाल्या रुपरावच्या काट्यावर तोलून पाह्यला. बरोबर निघाला (तेवढ्यात तीन वांगी बसतात, आणि वांग्यांची भाजी तरी होते). तळाले हा एवढा जाड फोम, अन् पुढून वर उचललेला. पळताना ठीक, पण माणूस सारा वेळ पळतच असते का? यमुताईच्या दारात जरा उभी राह्यली तर बूट पुढंच ढकलून राहिला. मी तोंडानं चहा नको म्हणत होती आणि पाय आत जात होते. पकड कोरड्या डांबरावर बरी, ओल्या फरशीवर देवाच्या भरवशावर (आपण देव मानत नाही, म्हणजे समज). खाचेत खडा बसला की टकटक वाजत सारी वस्ती जागी होते. वरची जाळी इतकी पातळ की मोज्याचं भोक परक्या माणसाले दिसते.

हेही मी पोटात घातलं असतं. पण ऐक.

रविवारी सकाळी सहाले शर्यत सुटली. खोटं काहून बोलू, बूट उडाला. सहाव्या किलोमीटरले यमुताई माझ्या शंभर पावलं मागं होती. मी एकदा वळून पाह्यलंसुद्धा (दोनदा). मंग सातव्या किलोमीटरले आपल्या वस्तीतला विहार आला. रोज पळताना मी त्या फाटकाशी थांबते, जोडे काढते, बुद्धमूर्तीले अन् बाबासाहेबांच्या पुतळ्याले हात जोडते, मंगच पुढं जाते. पायात जोडे ठेवून मी तिथं कधी हात जोडले नाहीत, शर्यत असो की पूर. (यमुताई पळता पळताच जोडते. म्हणते, मनातला नमस्कार पोचते. तिचा पोचत असन.) जुने जोडे फटकन निघत, फटकन चढत. दोन्ही वर्षं त्यात पाच सेकंद गेले असतील.

तुझा बूट निघाला. चढला नाही! अरे, त्याले वरून उघडायले काही ठेवलं का तुम्ही? सारा मोज्यासारखा विणलेला. घरी मी स्टुलावर बसून, पळीचा दांडा टाचेमागं घालून तो चढवत होती (ती पळी आता वरणात घालू देत नाहीत तुझे भाऊजी). रस्त्यात स्टूल कुठून आणू, पळी कुठून आणू? पाय घामानं ओले. बसली मी फाटकासमोर फतकल मारून अन् ओढून राहिली. एकाले वाटलं मले चक्कर आली, त्यानं डोक्यावर पाणी ओतलं. दुसऱ्यानं चांगल्या गुडघ्यावर दुखण्याचा फवारा मारला. आणि यमुताई माझ्या डोळ्यांदेखत पुढं निघून गेली. हातातोंडाशी आलेला घास होता रे! तुमच्या कागदावर लिहिलं आहे, 'एकदा घातला की पायाचाच भाग.' पायाचाच भाग आहे तर निघते काहून, आणि निघाला तर परत जात काहून नाही? चोवीस प्रश्न काढले, त्यात एकानंही विचारलं नाही की बाई, हा काढून परत घालता येते का. तुमच्या ऑफिसात कोणी कोणापुढं जोडे काढतच नाही का?

बूट चढला एकदाचा (कसा, ते खाली सांगते, आत्ता लिहिलं तर राग उतरेल). पण मी पोचली तोवर वाडीची एक बाई, साधे कापडी जोडे घालून, पहिली येऊन केळं खात बसली होती. यमुताई दुसरी. मी तिसरी. म्हणजे तुझ्या कृपेनं मी एक पायरी खालीच आली. चोविसावा प्रश्न, 'हा बूट मैत्रिणीला सुचवाल का?' याचं उत्तर शिव्या न देता सुचत नाही, म्हणून सोडते.

पित्ताले जप.

तुझी ताई,
शामला

ता. क. बूट यमुताईनं चढवला. विजेचे दोन खांब पुढं गेली होती. वळून पाह्यलं, मी खाली बसलेली दिसली, अन् आली परत. भर रस्त्यात मांडी घातली आणि माझा पाय मांडीवर घेतला. (लग्नात विहिणीचे पाय धुवायचं कोणीतरी काढलं होतं, तेव्हा 'हे आपल्यात चालत नाही' म्हणून मीच ओरडली होती!) म्हणे, "पाय ढिला सोडा ना बाई, दगडासारखा काहून धरला?" मंग दोघी बरोबर पळालो, अन् शेवटच्या शंभर पावलांत मले सोडून गेली. दोन सेकंदांनी. आधी मदत करते अन् मंग हरवते, याले काय म्हणावं? मले रडू आलं. लोकांले वाटलं हरली म्हणून.

आणखी ता. क. चोविसाव्या प्रश्नाचं उत्तर: हो. यमुताईसाठी सहा नंबरची जोडी पाठव. पुढच्या वर्षी मी जिंकणार, तेव्हा 'बूट जिंकला, शामलाताई नाही' असं तिले म्हणू द्यायचं नाही. विहारापाशी दोघींनीही जोडे काढायचे, असं ठरलं आहे. डब्यात बुटाचा चमचा मात्र टाकू नको. तिचा नाही चढला तर चढवायले मी आहो.