सुईला हळदकुंकू

धंतोली, नागपूर
दसरा, १९७८

ती. देवकीताईस गिरिधरचा साष्टांग नमस्कार.

आज लिहू, उद्या लिहू करत पोळ्यापासून हे पत्र टाळलं. तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजी, त्यांचा पंप, मोटारसायकल आणि म्हैस खुशाल असतील. भाऊजी म्हणाले होते ना, "दिवाळीपर्यंत एका कामावर टिकला तरच भाऊबीजेले ये, नाहीतर तिकडंच राह्य गा," तर त्यांना सांग, टिकलो आहे.

काम इंजिनिअरिंग कॉलेजात, पिंपळखुटे सरांच्या हाताखाली. डॉक्टर लोक पोटात खोल घालतात ती वीतभर सुई आत गेल्यावर वाकते, आणि बाहेर धरणाऱ्याला वाटतं सरळच चालली. म्हणून सर सुईला नखाहून लहान धातूची पट्टी चिकटवतात, तिला केसासारख्या तारा. सुई वाकली की पट्टी ताणली जाते आणि यंत्रावरचा काटा हलतो. माणसाऐवजी आम्ही कोहळ्याला टोचतो. (टोचलेलं कोहळं मीच खोलीवर नेऊन शिजवतो. कोहळं एकट्यानं संपत नाही, ताई. सकाळी पातेल्यातून आपल्याकडेच पाहत असतं.) ते आणायला बाजारात गेलो आणि तुमच्या नरखेडची एसटी दिसली, की कोहळं राहतं बाजूला, मी कोण उतरतं ते पाहत उभा. ओळखीचं कोणी उतरत नाही. असो, सुईवर येतो.

काल खंडेनवमी. भाऊजी पंपाची पूजा करत असतील, तू नारळ फोडत असशील. माझ्या खोलीत पुजायला एक स्टो. (तोही घरमालकिणीचा.) म्हणून सकाळीच प्रयोगशाळा उघडून सुईला आंघोळ घातली आणि ओलं हळदकुंकू लावलं, नेमकं पट्टीवर, कारण सुईचं कपाळ मला तेच वाटलं. सरांना आवडणार नाही म्हणून वरवर पुसूनही ठेवलं. पण ओल तारांत शिरली. सुट्टी असून सर आले, तर सुई टेबलावर आडवी पडलेली आणि काटा नाचून राहिला! सरांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, मलाही श्वास धरायला लावला. काटा का नाचतो, ते मला ठाऊक होतं. पण कोणीतरी इतका वेळ माझ्याशी बोलत होतं, ते मोडवेना. दुपारी त्यांनी भिंग लावलं, तर कुंकू. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून इतकंच म्हणाले, "ही सुई वाकली नाही, तरी वाकले म्हणून सांगते आहे. गिरिधर, तू घरी जा. उद्यापासून येऊ नकोस."

(घरी म्हणजे कुठं, ते विचारायचं राहिलं.)

तुझा,
गिरिधर

ता. क. टिकलो आहे, हे भाऊजींना सांगू नकोस.

आणखी ता. क. खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसलो: काम गेलं तरी भाऊबीजेला येऊ का? भाऊजी ओसरीवर असले तर मी मागून गोठ्यात शिरेन, तिथंच ओवाळ. म्हशीची काही हरकत नसावी.

आणखी एक. दार वाजलं, उघडलं, तर पिंपळखुटे सर. डोक्याला टोपी, हातात आपट्याची पानं. दसऱ्याला लहानांनी मोठ्यांकडे जायचं, तर हे उलटंच. सोनं देऊन खाटेवर बसले. म्हणाले, घरी द्यायला कोणी नव्हतं. पत्र कोणाला, विचारलं. बहिणीला, म्हटलं.

"उद्या नवी पट्टी चिकटवू," म्हणतात. "आधी पत्र पुरं कर. सावकाश लिही, मी बसतो."