तीन मार्चचं पान

३ मार्च
शिवणक्लासला आज सगळ्यांत आधी आली ती बटणवाली. डब्यात दोनशे बटणं, शिवलेलं एकही नाही. सोबत जावयाचं कौतुक. जावई औषधाच्या कंपनीत मोठा साहेब, ऐकून ऐकून कान किटले. मग मीही नातीचं काढलं. म्हटलं, पेटंटची वकील आहे. कुणी नवीन औषध शोधलं तर दुसऱ्याने उचलू नये म्हणून सरकारात कागद करते. बटणवाली म्हणाली, म्हणजे टायपिंगच ना.

झोंबलं. सांगूनच टाकलं. इंजेक्शनच्या औषधात शेवाळातून काढलेली साखर घालायची, एकाला तीन, की ते फ्रीजबाहेर महिनाभर नासत नाही. नात टेबलाशी मसुदा मोठ्याने वाचून तपासते, तेव्हा मी डोळे मिटून पडलेली असते. अकरा जणींच्या सुया थांबल्या. बटणवालीने दोनदा विचारलं, कसली साखर म्हणालीस गं?

बाहेर कुणाला बोलले नाही. दार लावलेलं होतं.

तारीख वर घातली आहे. नातीची ताकीद आहे, आजी, तारखेशिवाय लिहिलेल्याला किंमत नाही.

१९ मार्च
नातीने आज अर्ज भरला. तीन वर्षं झिजली पोर. हे पेटंट टिकलं की फर्ममध्ये भागीदार, दारावर नावाची पाटी. हसत म्हणाली, आजी, या धंद्यात पथ्य एकच. अर्जाआधी गोष्ट बाहेर फुटली की मुसळ केरात.

मी म्हटलं, कोण फोडतंय.

क्लासमधल्या सगळ्या घरच्यासारख्याच आहेत. तरी आजपासून तोंडाला कुलूप.

२० मार्च
कुलूप. फक्त दूधवाल्याला सांगितलं. पण ते अर्जानंतर, म्हणजे चालतं.

८ नोव्हेंबर, पुढच्या वर्षीचा
वही गादीखाली सापडली. रोज लिहिणार होते, गुडघ्यामुळे राहिलं. लिहायचं तर बसावं लागतं, आणि बसलं की उठावं लागतं.

नातीची पाटी करायला टाकली, जानेवारीत लागणार. एका कंपनीने पेटंटवर हरकत घेतली आहे. बटणवालीच्या जावयाचीच कंपनी, योगायोग बघा. नात म्हणाली, घेऊ दे हरकत, पुरावा कुठाय त्यांच्याकडे? मला मात्र बजावलं, अनोळखी माणूस आला तर दार उघडू नकोस.

उघडणार नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार
दोघं आले होते. एक बाई, एक चष्मेवाला. बटणवालीने पत्ता दिला म्हणे, म्हणजे अनोळखी नव्हेत. पायपुसण्यावर पाय पुसून आले. गुडघ्याची चौकशी केली, घरात कुणी करत नाही. म्हणाले, क्लासच्या आठवणी सांगा, कोण कोण यायचं? मी म्हटलं, सांगायचं कशाला, सगळं लिहिलंय की! चष्मेवाल्याचा चहा ओठांपाशीच थांबला.

वही आणली. मोठ्याने वाचून दाखवली. जन्मात इतकं मन लावून कुणी माझं ऐकलं नव्हतं. तीन मार्च बाईने दोनदा वाचायला लावलं. चष्मेवाल्याने पानाशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढले. एकाच पानाचे नऊ. म्हटलं, पुढची पानं जास्त रंगलीत, गुडघ्याचं वाचा. नको म्हणाले. बाईने विचारलं, अक्षर तुमचंच ना, आजी? म्हटलं, इतकं वाकडं दुसऱ्या कुणाचं असणार!

छापणार असतील. नातीचं नाव पाटीवर, माझं पुस्तकावर.

संध्याकाळ
नातीला सांगितलं. तिने खांद्यावरची बॅगही काढली नाही. पान उभ्यानेच वाचलं. विचारलं, मी वाचायचे तेव्हा तू जागी होतीस? म्हटलं, अर्धी. मग हळूच विचारलं, तारीख त्याच दिवशी घातलीस? म्हटलं, मग! तूच तर शिकवलंस.

तेव्हा ती बसली.

पान फाडू का, मी विचारलं. नको म्हणाली, पुरावा फाडत नसतात, आजी. मग पाटीवाल्याला फोन केला. नाव कोरलं नसेल तर राहू द्या, म्हणाली. तो म्हणाला, कोरून झालं. ती म्हणाली, असू दे.

माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेवली नाही. मसुदा काढून बसली, पण वाचते आहे मनातल्या मनात. ओठसुद्धा हलत नाहीत.

आजपासून खरंच कुलूप. पण पाहुण्यांना शब्द देऊन बसले आहे. माझी सही घ्यायला कुणा शिक्केवाल्या साहेबालाही आणणार आहेत. येत्या गुरुवारी, सकाळी अकराला.